अंतराचं सूत्र पाठ आहे, तरी उत्तर जुळेना? चूक कुठं शोधायची

दहावीला निर्देशक भूमिती सुरू झाली की ही तक्रार ठरलेली: "सर, सूत्र बरोबर लिहिलंय, किमती बरोबर टाकल्यात, तरी उत्तर काहून येईना?" वही पाहिली तर सूत्र खरंच बरोबर असतं. मग लेकरू तेच गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा सोडवतं, तीच चूक त्याच जागी पुन्हा करतं आणि ठरवून टाकतं की पुस्तकातलंच उत्तर चुकलंय. पुस्तकातलं उत्तर कधीमधी चुकतंही, पण इतक्या वेळा नाही.

या सूत्रात चुकायच्या जागा मोजक्या आहेत आणि जवळपास प्रत्येक जागेवरून वेगळं चुकीचं उत्तर बाहेर पडतं. म्हणून सगळं गणित पुन्हा करण्याआधी आलेलं चुकीचं उत्तरच नीट बघावं. घोळ कुठल्या ओळीत झाला ते बहुतेक वेळा त्यातूनच कळतं.

एकच उदाहरण धरू. अ(−३, २) आणि ब(५, −४). पुस्तकात अक्षरं इंग्रजी असतात, मी क्ष आणि य लिहितोय, गणित तेच.

अब = √[(क्ष₂ − क्ष₁)² + (य₂ − य₁)²]
= √[(५ − (−३))² + (−४ − २)²]
= √[८² + (−६)²]
= √(६४ + ३६) = √१०० = १०

आता याच गणिताची वह्यांमध्ये सापडणारी उत्तरं पाहा: २√१०, २√१७, २√२, २√७, √१०६, १४ आणि १००. सगळी बरोबर सूत्रातून निघालेली.

आधी उत्तर टिकतं का ते बघा

आलेख कागदावर दोन्ही बिंदू टाका. आडवा फरक मोजा: −३ पासून ० पर्यंत तीन घरं, ० पासून ५ पर्यंत पाच, एकूण आठ. उभा फरक: २ पासून ० पर्यंत दोन, तिथून −४ पर्यंत चार, एकूण सहा. हे आठ आणि सहा घरं मोजूनच काढायचे, वहीतल्या वजाबाकीतून उचलायचे नाहीत, नाहीतर चाचणीला काही अर्थ उरत नाही.

आता शेत डोळ्यासमोर आणा. धुऱ्याधुऱ्यानं गेलं तर आधी आठ, मग सहा, एकूण चौदा चालावं लागतं. पिकातून तिरपं गेलं तर चौदापेक्षा कमी. पण कितीही तिरपं गेलं तरी आडवं आठ तुटल्याशिवाय पलीकडं पोचता येत नाही. म्हणजे अंतर मोठ्या फरकापेक्षा जास्त आणि दोन्ही फरकांच्या बेरजेपेक्षा कमी असलंच पाहिजे. इथं ८ आणि १४ च्या मध्ये. (एखादा फरक शून्य असेल तर अंतर दुसऱ्या फरकाएवढंच, तिथं सूत्रसुद्धा लागत नाही.)

या एका चाचणीत वरच्या सातपैकी पाच उत्तरं गळतात. २√१० म्हणजे ६.३२, २√२ म्हणजे २.८३, २√७ म्हणजे ५.२९, तिन्ही आठच्या खाली. १४ नेमकं बेरजेएवढं, १०० तर कुठल्या कुठं. उरतात २√१७, म्हणजे ८.२५, आणि √१०६, म्हणजे १०.३. ही दोन बेरकी आहेत, चाचणीतून निसटतात. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, तेव्हा करणीतलं उत्तर किती मोठं आहे याचा अंदाज डोक्यात बांधता आला पाहिजे: √१०६ हे √१०० च्या जरासं पुढं, √४० हे सहा आणि सातच्या मध्ये. एवढा अंदाज पुरतो.

वजा चिन्ह: निम्म्याहून जास्त घोळ इथंच

उत्तर २√१० आलं असेल तर ५ − (−३) चं ५ − ३ झालंय. हे वहीत कसं घडतं ते अगदी जवळून बघण्यासारखं आहे. पहिल्या ओळीत पोरगं "५ − −३" असं लिहितं, कंस न घालता. दोन आडव्या रेघा एकमेकींना इतक्या चिकटतात की पुढच्या ओळीत उतरवताना त्यांची एकच रेघ होते. पोराला ऋण संख्यांची वजाबाकी येत असते. तोंडी विचारा, लगेच "आठ" म्हणेल. चूक फक्त एक ओळ खाली उतरवताना झालेली असते. म्हणून "चिन्हांकडं लक्ष दे" असं कितीदाही सांगितलं तरी उपयोग होत नाही. उपाय वेगळा आहे: संख्या लिहिण्याआधी रिकामे कंस काढायचे, ( ) − ( ), आणि मग त्यात चिन्हासकट संख्या भरायची. आठवडाभर ही सवय लावली की हा प्रकार जवळजवळ बंद होतो.

दुसरी सोय तोंडी तपासण्याची. दोन संख्यांची चिन्हं वेगळी असतील तर मधे अक्ष ओलांडावा लागतो, तेव्हा आकड्यांची बेरीज. चिन्हं सारखी असतील तर दोन्ही एकाच बाजूला, तेव्हा वजाबाकी. −३ आणि ५: बेरीज, ८. −७ आणि −२: वजाबाकी, ५. अंतरापुरतं एवढं पुरेसं आहे, कारण पुढं वर्गच होणार आहे.

उत्तर २√१७ आलं असेल तर आडवा फरक बरोबर आहे, पण −४ − २ चं उत्तर −२ काढलंय. इथं कंस नाही, रेघही चिकटलेली नाही. "वजा वजा अधिक" हा गुणाकाराचा नियम वजाबाकीला लावला गेलाय. सहावी-सातवीत पाठ केलेलं वाक्य, कुठं लावायचं ते सुटलेलं. संख्यारेषेवर −४ वर बोट ठेवून डावीकडं दोन घरं सरकायला लावा, पुरे.

२√२ आलं तर दोन शक्यता. एक, वरच्या दोन्ही चुका एकाच गणितात. दोन, मध्यबिंदूच्या सूत्रातलं अधिक चिन्ह इथं घुसलंय: −३ + ५ = २, २ + (−४) = −२. मध्यबिंदू आणि अंतर एकाच आठवड्यात शिकवलं की हे हमखास होतं.

आता एक असा प्रकार, ज्याकडं शिक्षकांचंही लक्ष जात नाही. काही पोरं −४ − २ = ६ लिहितात. वर्ग ३६, उत्तर १०, पेपर तपासणारा बरोबरची खूण करून पुढं जातो. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं, म्हणून चूक झाकली जाते. तसंच एका कंसात ब वजा अ आणि दुसऱ्या कंसात अ वजा ब घेतलं तरी अंतराचं काहीच बिघडत नाही. पण याच प्रकरणात पुढं चढ येतो. तिथं −६/८ म्हणजे −३/४ यायला पाहिजे आणि पोरगं ३/४ लिहितं. रेषा उतरणीऐवजी चढणीला लागते. मग सगळे म्हणतात चढ अवघड जातो. अवघड काही नाही, आधीपासूनची चूक तिथं उघडी पडते एवढंच. म्हणून माझं म्हणणं असं की अंतराच्या गणितात उत्तर बरोबर आलं तरी कंसातलं चिन्ह तपासावं.

क्ष मधून य वजा

√१०६ हे उत्तर बेरकी का, तर ते १० च्या इतकं जवळ आहे. ते येतं असं: अ च्या दोन संख्यांची आपसात वजाबाकी, २ − (−३) = ५, आणि ब च्या आपसात, −४ − ५ = −९. वर्ग २५ आणि ८१, बेरीज १०६. बिंदू शेजारी शेजारी लिहिले की हात आपोआप एकाच कंसातल्या दोन संख्यांकडं जातो. बिंदू एकाखाली एक लिहा:

अ: −३, २
ब: ५, −४

आणि उभी वजाबाकी करा. हाताला दुसरा रस्ताच राहत नाही.

एक गंमत सांगतो. दोन्ही बिंदूंचे निर्देशक उलटे वाचले, म्हणजे (२, −३) आणि (−४, ५) घेतले, तरी उत्तर १०च येतं. बिंदू आलेखावर चुकीच्या जागी, अंतर मात्र बरोबर. ही लपलेली चूक लक्षात ठेवा, खाली मोबाईलच्या भागात ती पैशात मोजावी लागते.

वर्ग आणि करणी

२√७ म्हणजे करणीखाली २८. हा २८ दोन निरनिराळ्या चुकांतून येतो, म्हणून इथं नुसतं उत्तर बघून भागत नाही, आधीची ओळ बघावी लागते. पहिली: ६४ − ३६ = २८, म्हणजे (−६)² चं −३६ झालं. दुसरी: १६ + १२ = २८, म्हणजे वर्ग करण्याऐवजी दुप्पट केली. पहिलीसाठी साधा नियम: अंतराच्या सूत्रात करणीखाली दोन वर्गांच्या मधे वजा दिसलं की तिथंच थांबायचं, ते येऊच शकत नाही. दुसरी चूक २ आणि ० सोडून कुठल्याही संख्येवर पकडता येते. म्हणून वर्ग समजावताना २ चं उदाहरण कधीच घेऊ नये; २² = ४ आणि २ × २ = ४, लेकराला फरक दिसणार कुठून?

घरी कॅल्क्युलेटर किंवा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी: सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर कंसाशिवाय −६² टाकलं तर −३६ येतं. एक्सेलच्या घरात तेच टाकलं तर ३६. दोन यंत्रं, दोन उत्तरं, आणि दोन्ही आपापल्या नियमानं बरोबर. कंस घाला, वाद मिटतो.

१४ आलं म्हणजे √(६४ + ३६) चं √६४ + √३६ केलं. वर्गमूळ वाटून द्यायची ही घाई फार जुनी आहे. √(९ + १६) म्हणजे √२५, म्हणजे ५. वाटून दिलं तर ७ येतात. एकदा दाखवलं की पटतं, दोन दिवसांनी परत तेच. त्यावर धुऱ्याची चाचणीच कामाला येते: तिरपं अंतर दोन बाजूंच्या बेरजेएवढं येऊच शकत नाही.

१०० आलं तर काही बिघडलेलं नाही, फक्त शेवटची ओळ राहिलीय.

तीन बिंदू एकरेषीय आहेत का

इथं मात्र सूत्र बरोबर, अंतरं बरोबर, आणि निष्कर्ष चूक. अ(१, १), ब(३, ३), क(६, ६) घ्या. अब = √८, बक = √१८, अक = √५०. पोरगं ८ + १८ = २६ करतं, ५० येत नाहीत म्हणून "एकरेषीय नाहीत" असं लिहून मोकळं. डोळ्यांना दिसतंय की तिन्ही बिंदू एका रेषेवर आहेत, तरीही. करणी सोपी करायला हवी: २√२ + ३√२ = ५√२. जुळलं.

घोळाचं मूळ असं की काटकोन त्रिकोण तपासताना वर्गांची बेरीज करतात आणि एकरेषीय तपासताना अंतरांची. दोन्ही प्रश्न एकाच स्वाध्यायात असतात, पायथागोरस डोक्यात ताजा असतो, आणि हात वर्गांकडं वळतो. प्रश्न वाचल्यावर पहिली ओळ हीच लिहायला लावा: "इथं अंतरांची बेरीज" किंवा "इथं वर्गांची बेरीज". त्या ओळीला गुण नसतील, पण पुढचे गुण तीच वाचवते.

चौकोनाच्या प्रश्नात चारही बाजू सारख्या आल्या की चौरस म्हणू नका. (०, ०), (५, ०), (८, ४), (३, ४) यांच्या चारही बाजू ५, कर्ण मात्र √८० आणि √२०. तो समभुज चौकोन आहे.

अज्ञात निर्देशक

(२, क) आणि (५, १) मधलं अंतर ५ आहे, क काढा. (१ − क)² = १६ इथपर्यंत सगळे येतात. पुढं १ − क = ४, म्हणून क = −३, आणि खाली दुहेरी रेघ. दुसरं उत्तर ५ राहून गेलं. कागदावर बघा: (५, १) पासून पाच अंतरावर, क्ष = २ या उभ्या रेषेवर, एक बिंदू वर आणि एक खाली. दोन असणारच.

आणखी एक, जरा फसवा. "क्ष-अक्षावरचा असा बिंदू काढा, जो (५, ४) आणि (−१, २) पासून सारख्या अंतरावर आहे." क्ष-अक्षावरचा बिंदू म्हणजे (क्ष, ०). तो धरला की क्ष = ३, दोन्ही अंतरं √२०. पण पुष्कळ पोरं (०, य) धरतात. त्यांचं य = ९ असं सुरेख पूर्णांक उत्तर येतं, आणि ताळा केला तर दोन्ही अंतरं √५०, अगदी सारखी! ताळा जुळतो, तरी उत्तर चूक, कारण बिंदू दुसऱ्याच अक्षावरचा आहे. ताळा अंतराचा झाला, प्रश्नाचा नाही. लातूरच्या मोठ्या शिकवण्यांपासून तांड्यावरच्या शाळेपर्यंत हे सगळीकडं सारखंच दिसतं.

मोबाईलवरचे बिंदू टाकले तर अंतर भलतंच येतं

हा प्रश्न पोरांचा नाही, पालकांचा. विहिरीपासून वरच्या रानापर्यंत पाईपलाईन टाकायची, मोबाईलवर दोन जागांचे आकडे घेतले आणि पोराला म्हटलं, काढ अंतर. परभणीच्या आसपासचे, उदाहरणापुरते आकडे घेऊ: विहीर (१९.२५००, ७६.७७००), रान (१९.२५३०, ७६.७७४०). फरक ०.००३ आणि ०.००४, अंतर ०.००५. आता ०.००५ काय? मीटर? फूट? पोरगं गप्प, बाप वैतागलेला.

ते अंश आहेत. पुस्तकातल्या प्रतलावर दोन्ही अक्षांवरचं एक एकक सारखंच असतं. अक्षांश-रेखांशात तसं नाही. आपल्याकडं अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा. रेखांशाचा अंश उत्तरेकडं जावं तसा आखडत जातो: उमरग्याकडं १०६ किलोमीटर, परभणीला १०५.१, सोयगावकडं १०४ च्या जरा वर. म्हणून आधी दोन्ही फरकांचे मीटर करायचे, सूत्र नंतर:

उभा फरक: ०.००३ × ११०.७ किमी = ३३२ मीटर
आडवा फरक: ०.००४ × १०५.१ किमी = ४२० मीटर
अंतर = √(३३२² + ४२०²) = सुमारे ५३५ मीटर

सरसकट १११ नं गुणलं तर ५५५ येतात. वीस मीटर जास्त. पाईप २० फुटी, म्हणजे सहा मीटरचे. ९० ऐवजी ९३ आणले जातात.

आणि ती लपलेली चूक इथं बाहेर येते. गूगल मॅप्स आधी अक्षांश देतं, मग रेखांश. म्हणजे शाळेच्या भाषेत आधी य, मग क्ष. शाळेतलं पोरगं पहिल्या आकड्याला क्ष समजतं आणि ०.००३ ला १०५.१ नं, ०.००४ ला ११०.७ नं गुणतं. उत्तर ५४४ च्या जवळ, आठ-नऊ मीटरचा फरक. वहीत उलटं वाचलेलं खपत होतं, कारण दोन्ही बाजूंची मोजपट्टी एकच होती. उघड्या रानात मोबाईलचा जीपीएस स्वतःच पाचेक मीटर इकडंतिकडं दाखवतो, तेव्हा ही चूक नुसती बघून ओळखू येत नाही.

पाईप मात्र तिरपा जाईल असं धरू नका. मधे शेजाऱ्याचा गट असेल आणि बांधाबांधानंच न्यायचं ठरलं, बांध उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असतील, तर ३३२ + ४२० = ७५२ मीटर, १२६ पाईप. दुकानात जाण्याआधी अंतर सूत्राचं पाहिजे की बेरजेचं, ते शेजाऱ्याशी बोलून ठरवा.

ड्रोननं किंवा मोजणीच्या यंत्रानं सर्व्हे केला असेल तर आकडे बहुतेक यूटीएम पद्धतीचे (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात जागा मीटरमध्ये मोजायची पद्धत), थेट मीटरमध्ये मिळतात. तिथं अंतराचं सूत्र सरळ चालतं. फक्त नांदेडच्या पूर्व टोकाला जपा. यूटीएमचा पट्टा ७८ अंश रेखांशावर बदलतो: माहूर ४३ व्या पट्ट्यात, किनवट ४४ व्या. प्रत्येक पट्ट्याची मोजणी आपल्या मध्यरेषेपासून नव्यानं सुरू होते, म्हणून माहूरचा आडवा आकडा आठ लाखांच्या आसपास आणि किनवटचा दोन लाखांच्या आसपास. थेट वजाबाकी केली तर सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवरची दोन गावं सहाशे किलोमीटर लांब दिसतात. फाईल उघडल्यावर आधी प्रत्येक बिंदूपुढचा पट्ट्याचा क्रमांक बघा. दोन निघाले तर सॉफ्टवेअरमधून सगळे बिंदू एकाच पट्ट्यात आणून घ्या, वजाबाकी त्यानंतर.